आळशी डोळ्यासाठी व्हिजन थेरपीचं पॅकेज घ्यावं का?

कंदीपेढा
मुलगा साडेसहा वर्षांचा, पहिलीत. शाळेतल्या तपासणीत कळलं की डाव्या डोळ्याने त्याला फळ्यावरचं नीट दिसतच नाही. तोवर आम्हाला पत्ता नव्हता. डोळा तिरळा नाही, कॅरममध्ये तर पोरगं मला हरवतं. उजवा +१, डावा +४.५. चष्मा झाला, मग डॉक्टरांनी उजव्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी सांगितली. डावा ६/२४ वरून ६/१८ वर आलाय, पण पट्टी लावायची म्हणजे रोज महाभारत.

आता नणंदेने एक सेंटर सुचवलंय. तीस सिटिंग, लाल-निळा चष्मा घालून कॉम्प्युटरवर गेम, अठरा हजार. 'पट्टी बंद करा, पुढे चष्माही सुटेल,' असं तिथल्या बाई म्हणाल्या. सासूबाईंचा भर गाजर आणि त्राटकावर. कोणाला काही माहिती?

भिंगवाला
ताई, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, मुलंच जास्त तपासतो. 'चष्मा सुटेल' म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. +४.५ म्हणजे बहुधा डोळ्याचा गोळाच आखूड आहे, तो गेम खेळून लांब होत नाही. चष्मा हा उपचाराचा पाया आहे. काही मुलांचा आळशी डोळा नुसत्या चष्म्यानेच सुधारतो.

गेममागची कल्पना मात्र खोटी नाही. डाव्या डोळ्याकडून कायम धूसर चित्र आलं, म्हणून मेंदूने ते बाजूला टाकलं. (ह्यूबेल आणि वीझेल यांनी मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा बंद ठेवून हे दाखवलं होतं. १९८१ च्या नोबेलमध्ये त्या कामाचा वाटा आहे.) लाल-निळ्या चष्म्यात काही ठोकळे फक्त डाव्याला दिसतात, काही फक्त उजव्याला, तेही फिकट. दोन्ही डोळे वापरल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही.

पण मोजमाप बघा. अमेरिकेत पाच ते बारा वर्षांच्या ३८५ मुलांवर असा आयपॅड गेम आणि पट्टी यांची तुलना झाली, निकाल २०१६ मध्ये आला. रोज तासभर गेम किंवा रोज दोन तास पट्टी, सोळा आठवडे. तक्त्यावर पट्टीवाली मुलं सरासरी १.३५ ओळी सुधारली, गेमवाली १.०५. गंमत म्हणजे ठरलेल्यापैकी पाऊण भागाहून जास्त गेम खेळलेली मुलं जेमतेम २२ टक्के. म्हणजे मुलं गेमलाही कंटाळतात!

२०२१ मध्ये तिथल्या एफडीएने (औषधं-उपकरणांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) ल्युमिनोपिया नावाच्या, दोन्ही डोळ्यांना वेगवेगळं चित्र दाखवणाऱ्या हेडसेटला चार ते सात वयासाठी मंजुरी दिली. त्याच्या चाचणीतही मुलांचा चष्मा चालूच होता.

अठरा हजार द्यायचेच असतील तर पट्टी न सोडता द्या, आणि नजर तुमच्या डॉक्टरांकडून मोजून घ्या, विकणाऱ्याकडून नाही. पट्टीवरून फारच रडारड होत असेल तर चांगल्या डोळ्यात शनिवार-रविवार अॅट्रोपिनचे (त्या डोळ्याला तात्पुरतं धूसर करणारे) थेंब घालायचा पर्याय विचारा. आपल्या मनाने घालू नका.

गाजर खाऊ दे, पोटाला चांगलं. त्राटकात दोन्ही डोळे उघडे असतात, म्हणजे सगळं काम उजवाच करणार.

एक_नंबरी
मध्येच घुसतो. वय ३४, उजवा डोळा जन्मापासून असाच, लहानपणी कोणी पाहिलंच नाही. माझ्यासारख्यांनी अशा ट्रेनिंगच्या नादी लागावं का?

भिंगवाला
पूर्वी सात-आठ वर्षांनंतर दार बंद समजायचे. २००५ च्या एका अभ्यासात १३ ते १७ वयाच्या, आधी उपचार न झालेल्या मुलांपैकी चष्मा आणि पट्टी दोन्ही दिल्यावर ४७ टक्के सुधारली. नुसत्या चष्म्यावर २० टक्के. तुमच्या वयात थोडा फरक पडू शकतो, हमी कोणी देऊ नये. मोठ्यांनी पट्टीचा प्रयोग स्वतःहून करू नये, क्वचित एकाचे दोन दिसायला लागतात. आधी पडदा तपासून घ्या. नुसता आळशीपणा आहे की आणखी काही, ते कळेल.

कंदीपेढा
धन्यवाद! सेंटरला नाही कळवते, नणंदेला समजावणं अवघड जाईल ते वेगळं. एक राहिलं: पट्टीच्या दोन तासांत त्याला बसवून लिखाण करून घ्यावं का? आणि चष्म्याच्या काचेवर कागद चिकटवला तर चालेल?

भिंगवाला
लिखाणाची सक्ती नको. जवळचं काम आणि लांबचं बघणं यांची तुलना २००८ मध्ये झाली, फरक निघाला नाही. कॅरम खेळू दे खुशाल. कागद मात्र नको, मुलं काचेच्या वरून बघतात. पट्टी थेट कातडीवर, वर चष्मा. आणि पुढची तपासणी चुकवू नका. पट्टी कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील, आणि थांबवल्यावर वर्षभरात साधारण चौघांत एकाची नजर पुन्हा घसरते.