मदत हवी आहे: एसएनसीयूतील (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातील) बाळांचा पोषणाचा धोका वजनाशिवाय कशावरून ठरवावा?

नमस्कार. मी खानदेशातील एका शासकीय रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे. नवजात कक्षात दाखल झालेल्या बाळांपैकी पोषणासाठी कोणाकडे आधी लक्ष द्यावे, हे ठरवणारा एक पानी तक्ता तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. 'स्ट्राँगकिड्स'सारख्या तयार प्रश्नावल्या एक महिन्याच्या पुढच्या मुलांसाठी असल्याने येथे उपयोगी पडत नाहीत.

सध्या आम्ही दाखल होतानाच्या वजनावरून विभागणी करतो: १००० ग्रॅमच्या आत जास्त धोका, १५०० च्या आत मध्यम, त्यापुढे कमी. ती किती तोकडी आहे हे नुकतेच कळले. पूर्ण दिवसांचे, २६०० ग्रॅमचे, पण जन्मल्यावर न रडलेले एक बाळ 'कमी धोका' या रकान्यात गेले. पहिले काही दिवस त्याला दहा टक्के ग्लुकोजचे सलाईन किलोमागे रोज ६० मिली एवढेच चालू होते; त्यातून किलोमागे जेमतेम २० किलोकॅलरी मिळतात आणि प्रथिने अजिबात नाहीत. पुढे झटक्यांमुळे नळीचे दूध दोनदा थांबवावे लागले. सोळाव्या दिवशीही ते जन्मवजनाला पोचले नव्हते आणि तोवर कोणाच्या ते लक्षातही आले नव्हते, कारण तक्त्याने त्याला पहिल्याच दिवशी निकालात काढले होते.

दुसरी अडचण गर्भाचे दिवस मोजण्याची आहे. धडगाव, अक्कलकुव्याकडून येणाऱ्या कित्येक मातांकडे सोनोग्राफीचा कागद नसतो, आणि शेवटच्या पाळीची तारीख विचारली की 'भोंगऱ्या बाजाराच्या (होळीआधी भरणाऱ्या आदिवासी बाजाराच्या) आधी' असे उत्तर मिळते. (होळीवरून मागे मोजत बसावे लागते, तरी हे उत्तर अंदाजे सांगितलेल्या तारखेपेक्षा मला अधिक भरवशाचे वाटते.) १५०० ग्रॅमचे बाळ ३१ आठवड्यांचे मानले तर फेंटन आलेखावर (अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वाढीच्या आलेखावर) साधारण मध्यावर येते, आणि ३४ आठवड्यांचे मानले तर दहाव्या शतमकाच्या (पर्सेंटाइलच्या) खाली जाते. अशा वेळी कोणते वय धरावे?

तिसरी अडचण किरकोळ वाटेल, पण तिने मला फार छळले आहे. सलाईनची सुई हलू नये म्हणून हाताला बांधलेली पुठ्ठ्याची पट्टी मी काट्यावर ठेवून पाहिली, तेव्हा ती २५ ग्रॅम भरली. दीड किलोच्या बाळाची दिवसाची अपेक्षित वाढही जवळपास तेवढीच असते. मग आदल्या दिवशी पट्टीसह आणि आज पट्टीशिवाय केलेल्या वजनांवरून काय ठरवायचे?

प्रतिसाद

ताई, मी जळगावकडे बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करतो. तुमचा तक्ता एकदाच भरला जातो, हाच त्याचा मूळ दोष आहे. दाखल होताना वजनाबरोबर कारणही पाहा. २८ आठवड्यांच्या आतील जन्म, आतड्याचा आजार किंवा शस्त्रक्रिया, हृदयाचा जन्मजात दोष, गर्भातच खुंटलेली वाढ आणि दूध सुरू करण्यास मनाई यांपैकी काहीही असल्यास वजन कितीही असो, बाळ जास्त धोक्याच्या गटात घ्यावे. त्यानंतर दर आठवड्याला तक्ता नव्याने भरावा.

पुढच्या तपासणीसाठी २०१८ साली अमेरिकेतील तज्ज्ञांनी सुचवलेले निकष सोयीचे आहेत. जन्मवजन गाठायला १५ ते १८ दिवस लागल्यास सौम्य, १९ ते २१ लागल्यास मध्यम आणि त्याहून अधिक लागल्यास तीव्र कुपोषण मानतात. गरजेच्या पाऊणपट किंवा त्याहून कमी ऊर्जा अथवा प्रथिने सलग तीन ते पाच दिवस मिळाली, तर तीही सौम्य कुपोषणाची खूण आहे. तुमचे ते बाळ या एका रकान्याने पहिल्याच आठवड्यात उघडे पडले असते. वजनाचा झेड स्कोअर (त्याच वयाच्या बाळांच्या सरासरीपासून वजन किती दूर आहे ते दाखवणारा आकडा) ०.८ पेक्षा जास्त घसरला तरी दखल घ्यावी; मात्र पहिल्या दोन आठवड्यांत हा निकष लावू नये, कारण तेव्हाची घट बव्हंशी पाण्याची असते.

वयासाठी पहिल्या दोन-चार दिवसांत बॅलार्ड तपासणी (बाळाची ठेवण व हालचाली पाहून गर्भाचे आठवडे ठरवण्याची पद्धत) करावी. तीत दोन आठवड्यांची चूक होऊ शकते, म्हणून पाळीच्या अंदाजाशी ताडून एक वय ठरवावे आणि ते मग बदलू नये. झेड स्कोअरच्या घसरणीत बाळाची तुलना त्याच्याशीच होत असल्याने वय थोडे चुकले तरी घसरण बहुधा दिसतेच. पट्टी बांधण्यापूर्वीच तिचे वजन करून ते पेनने तिच्यावर लिहावे.

धागाकर्ती

सर, मनःपूर्वक आभार. मिळालेल्या ऊर्जेचा रकाना आजच घातला. सिस्टरांनी सकाळी तीन पट्ट्यांवर वजने लिहिली: २२, २५ आणि ३१ ग्रॅम. रात्री दाखल होणाऱ्या बाळांची बॅलार्ड तपासणी कोणी करायची, हे मात्र अजून ठरायचे आहे. तुमच्याकडे ती कोण करते?