शब्दचर्चा: 'बार स्टूल'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादू
एका फर्निचरवाल्याचा कॅटलॉग मराठीत करतोय. घरांसाठी आणि हॉटेल-कॅफेंसाठी स्कँडिनेव्हियन पद्धतीची लाकडी बार स्टुलं, असा माल आहे. त्यांनी आधी यंत्राकडून भाषांतर करून घेतलं होतं, ते जसंच्या तसं देतो: 'घरे आणि आदरातिथ्य जागांसाठी स्कँडिनेव्हियन शैलीतील लाकडी बार मल.' त्याखाली लाकडाचं नाव: 'ओक'.

मल मी काढला. आता अडचण 'बार'ची. गिऱ्हाइकं सोलापूर-लातूरकडची, स्वयंपाकघरात ठेवायची वस्तू, आणि नावात बार. दुकानदार म्हणतो घरातली मोठी माणसं नाव ऐकूनच नको म्हणतात. मी 'उंच तिवई' सुचवलंय. चालेल?

तिरकस
मल आणि लगेच खाली ओक. जेवायच्या जागेचं सामान आहे ना हे?

यंत्राला फार बोलू नका. इंग्रजीत स्टूल म्हणजे आधी बसायचं आसन, मग शौचाला बसायचं आसन, आणि मग त्या आसनावर बसून जे होतं ते. आपल्याकडे पहिला अर्थ शाळा-कचेरीतून आला, तिसरा पॅथॉलॉजीतून, आणि दोन्ही सुखाने नांदतायत. लॅबवाल्याने 'उद्या स्टूल आणा' सांगितल्यावर कोणी लाकडी उचलून नेल्याचं ऐकिवात नाही.

बारचं मात्र दुकानदाराचं बरोबर आहे. इंग्रजीतला बार म्हणजे मुळात आडवा दांडा, आडकाठी. गिऱ्हाईक आणि बाटल्या यांच्या मधे जी फळी असते ती. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर पाटीवर आलं 'परमिट रूम व बार', त्यामुळे मराठीत बार म्हटलं की फळी दिसतच नाही, थेट बाटली दिसते. शिवाय बंदुकीचा बार आहेच.

हेलसिंकीकर
तिवई माझा लाडका शब्द, पण इथे नको. तिवई म्हणजे तीन पाय, तेच त्या शब्दाचं सगळं भांडवल.

गंमत अशी की इथलं, फिनलंडचं, जे स्टूल जगभर ओळखलं जातं ते खरोखर तिवईच आहे. इथला वास्तुकार आल्वार आल्टो याचं १९३३ चं 'स्टूल ६०'. बर्च लाकडाची गोल बैठक, तीन पाय, उंची ४४ सेंटिमीटर, एकावर एक रचता येतं. विइपुरीच्या वाचनालयासाठी आल्टोने हीच स्टुलं वापरली. ते शहर तेव्हा फिनलंडचं, आज रशियात आहे. या स्टुलाचा पाय जवळून बघण्यासारखा असतो. भरीव बर्चच्या टोकाला करवतीने उभ्या फटी पाडायच्या, प्रत्येक फटीत सरस लावून व्हिनिअरची पातळ पट्टी सरकवायची, आणि मग तेवढाच भाग काटकोनात वळवायचा. वळणाशी बाजूने पाहिलं की पंख्याच्या काड्यांसारख्या रेषा दिसतात. त्यामुळे पाय थेट बैठकीला खालून स्क्रूने बसतो, मधे चौकट लागत नाही. (मुंबईच्या इराण्यांकडच्या वाकवलेल्या खुर्च्या निराळ्या, तिथे सबंध काठी वाफेवर वाकवलेली असते.)

पण त्याच आल्टोचं उंच स्टूल, १९३५ चं 'स्टूल ६४', चार पायांचं आहे. तुमच्या कॅटलॉगातल्या चित्रांतही बहुतेक चारच असतील. चार पायांच्या वस्तूला तिवई म्हटलं तर टीपॉयचं झालं तेच होणार. हिंदुस्थानीतली तिपाई इंग्रजांनी नेली, तिचं टीपॉय करून परत दिलं, आणि आता घरोघरी चार पायांचं टीपॉय आहे. वर चहा ठेवतात म्हणून 'टी' असा समजही पक्का झालाय.

'स्टूल'ला परका म्हणून हाकलूही नका. स्वीडिश-डॅनिशमध्ये 'स्तोल' म्हणजे खुर्ची, आणि बार स्टूलला ते 'बारस्तोल' म्हणतात. नॉर्वेत 'बारक्राक' असंही ऐकायला मिळतं. या स्तोलचा आणि इंग्रजी स्टूलचा मूळ धातू उभं राहण्याचा, म्हणजे आपला 'स्था'. स्थान, स्थिर, स्टूल हे एकाच कुळातले. फिनिश भाषेचं कूळच वेगळं, तरी खुर्चीला 'तुओली' म्हणतात, तोही शेजाऱ्यांकडून उचललेला स्तोलच.

आणि बर्च म्हणजे आपला भूर्ज. भूर्जपत्रातला. झाडाची जात निराळी, हिमालयातली वेगळी आणि इथली वेगळी, पण नाव एकच: इंग्रजीत बर्च, स्वीडिशमध्ये ब्यर्क, संस्कृतात भूर्ज. कॅटलॉगात 'भूर्जाचे स्टूल' लिहा असा माझा आग्रह नाही, कोणी त्यावर पोथी लिहायला बसेल.

तिरकस
फिनलंड स्कँडिनेव्हियात कधीपासून? डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, संपलं.

हेलसिंकीकर
भूगोलात संपलं. फर्निचरमध्ये नाही. १९५४ ते ५७ अमेरिका आणि कॅनडात 'डिझाइन इन स्कँडिनेव्हिया' नावाचं प्रदर्शन फिरलं, त्यात फिनलंडचा माल होता. तेव्हापासून दुकानात हा शब्द चार देशांसाठी चालतो. काटेकोर बोलायचं तर 'नॉर्डिक', पण लातूरला तो शब्द कुणासाठी लिहायचा?

ओसरी
मी स्वयंपाकघरं करून देते, म्हणून माझं मत शब्दापेक्षा मापावर. तुर्भ्याला २०२० च्या अखेरीस आयकिया हे स्वीडिश फर्निचरचं दुकान आल्यापासून लोकांच्या तोंडी 'स्कँडी' हा शब्द आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार 'बार स्टूल' या नावाची आहे, कारण त्यात दोन वेगळ्या उंच्या दडलेल्या असतात. बैठक ६५ सेंटिमीटरची, ती ९० च्या काउंटरला. बैठक ७५ ची, ती १०५-११० च्या बारला. बैठक आणि वरच्या फळीची वरची बाजू यांत निदान २५ सेंटिमीटर हवेत, नाहीतर मांड्या अडकतात.

आता कुणीतरी 'ओट्याचं स्टूल' सुचवायच्या आधीच सांगते, नको. शब्द गोड आहे, पण आपला ओटा ३२ ते ३४ इंच, कारण उभं राहून पोळ्या लाटायच्या असतात आणि घरातली बाई पाच फुटांची असते. ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटर. त्याला ६५ चं स्टूल लावलं की उरले २१, त्यातून कडप्पा आणि ग्रॅनाइटची जाडी वजा करा. गुडघा आत जाईल, मांडी नाही. शिवाय ओट्याखाली ट्रॉल्या, म्हणजे गुडघा तरी कुठे घालणार? दगड फूटभर पुढे काढलेला असेल तरच समोर बसता येतं. 'ओट्याचं स्टूल' लिहिलंत तर लोक ओटा मोजल्याशिवाय घेऊन येतील आणि मग त्यावर वाळवणाची परात ठेवतील.

'उंच स्टूल' म्हणा आणि शेजारी बैठकीची उंची आकड्यात लिहा. सेंटिमीटर आणि इंच दोन्ही, मिस्त्री इंचात मोजतो.

तिरकस
परात ठेवायची तर 'घडवंची' काय वाईट? उंच, लाकडी, चार पायांची, आजीच्या घरात असायचीच. हंड्याच्या जागी जावई बसवायचा.

ओसरी
घडवंचीला पाय टेकायला दांडी नसते. हंड्याला पाय नसतात.

रंधा
दांडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. आम्ही कामावर सगळे 'फूटरेस्ट'च म्हणतो. मराठीत 'पायदांडी' केलंत तर समजेल. 'पायपट्टी' नको, कारण हॉटेलच्या ऑर्डरमध्ये त्या दांडीवर पितळेची किंवा स्टीलची पट्टी वेगळी मारावी लागते. घरच्या स्टुलाला ती नसली तरी चालतं. हॉटेलात शंभर बूट रोज घासतात, पहिलं पॉलिश तिथलंच उडतं. घर आणि हॉटेल यांच्या मालात हा खरा फरक, आणि तो कॅटलॉगात यायला हवा. 'आदरातिथ्य जागा' वगैरे काढून टाका, सरळ 'हॉटेल, कॅफे' लिहा.

दुसरं म्हणजे 'निमुळते, बाहेर फाकलेले पाय' असं लिहा. स्कँडिनेव्हियन म्हणून लोक जे बघतात ते तेच. ते नुसतं दिसायला नाही. बैठक उंच गेली की स्टूल कलंडायला बघतं, म्हणून पाय खाली फाकवायचे. पायाचं भोक तिरकं पाडावं लागतं, त्यात दोन सूत इकडेतिकडे झालं की स्टूल डुगडुगलंच.

लाकडाचं खरं लिहा. 'ओक' लिहायचं तर ओक असू दे. या पद्धतीच्या नावाखाली बाजारात रबराचं लाकूड भरपूर येतं, म्हणजे चीक काढून झाल्यावर तोडलेली रबराची झाडं. वाईट नाही, रंग फिका म्हणून त्या धाटणीला शोभतं, पण ओकच्या भावात विकू नये. आणि ज्यांना फिकं आवडत नाही त्यांना सागवानाची लाज वाटायचं कारण नाही. डेन्मार्कच्या कारखान्यांनीच १९५० च्या दशकात आशियातून साग नेऊन ढीगभर फर्निचर केलं.

तिरकस
पायदांडीऐवजी 'रिकीब'. घोड्यावर चढताना पाय ठेवतात ती. स्टुलावर चढताना तीच कसरत असते.

अनुवादू
रिकीब मला फार आवडलं आणि म्हणूनच वापरणार नाही. सध्या असं लिहिलंय:

'उंच लाकडी स्टुले (बार स्टूल), स्कँडिनेव्हियन धाटणीची. घरासाठी आणि हॉटेल-कॅफेसाठी. बैठकीची उंची ६५ सें.मी. (साडेपंचवीस इंच) किंवा ७५ सें.मी. (साडेएकोणतीस इंच). निमुळते, बाहेर फाकलेले चार पाय. पाय टेकायला दांडी. हॉटेलच्या मालात दांडीवर पितळी पट्टी.'

कंसात 'बार स्टूल' ठेवलं, कारण लोक मोबाइलवर शोधताना तेच टाकतात. 'स्टुले' की 'स्टुलं' यावर दुकानदाराशी वाद चाललाय. छापील आहे म्हणून मी 'स्टुले'वर अडून आहे. तो तर अनेकवचनालाही 'स्टूल'च म्हणतो: 'चार स्टूल पाठवा.'

हेलसिंकीकर
बोलताना तो चूक नाही, 'चार टेबल' म्हणतोच की आपण. छापताना 'स्टुले' बरं. स्टूलमधला ऊ दीर्घ, पण स्टुले, स्टुलाचे, स्टुलावर यांत ऱ्हस्व, एवढं प्रूफ बघताना सांभाळा. आणि लाकूड 'ओक' असेल तर 'ओक लाकूड' असं दोन्ही शब्द लिहा. 'ओकाचे स्टूल' म्हटलं की ओक आडनावाच्या माणसाचं वाटतं.

अनुवादू
बरोबर. एक राहिलं. त्यांचा अर्धा माल 'बीच' लाकडाचा आहे. तो कसा लिहू?

रंधा
'स्टीम बीच' लिहा, म्हणजे वाफवलेलं बीच लाकूड. प्लायच्या दुकानात तसंच मागतात, मिस्त्रीलाही कळतं. मात्र किडीला ते लाकूड कच्चं, कोकणात द्यायचं असेल तर तळाचे उघडे भागही पॉलिश करून द्या, आणि तसं कॅटलॉगात छापा. गोव्याला पाठवणार असाल तर 'बीचसाठी स्टुले' असं वाचणारे निघतील, तिथे 'बीच लाकूड' करा.