वजन उतरवायचंय, पण सकाळचा ब्रेड सुटत नाही: किती, कोणता, कशासोबत?

ट्रान्सहार्बर_७४०

वय ४२, उंची १६० सेंटिमीटर, वजन ७४ किलो, थायरॉइड-साखर नॉर्मल. घोडबंदर रोडहून निघून ठाण्याला ऐरोलीची गाडी पकडायची असते, त्यामुळे सकाळी ब्राउन ब्रेडचे दोन स्लाइस, बटर आणि चहा एवढंच जमतं. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी स्टेशनबाहेरचं ग्रिल सँडविच, रविवारी मिसळ-पाव. आठ किलो कमी करायचेत. जिममधला ट्रेनर म्हणतो, गहू-मैदा पूर्ण बंद. ब्रेड ठेवून वजन उतरतं का? ब्राउन ब्रेडने खरंच फरक पडतो का? आणि बाहेरचा नको असेल तर गव्हाचा ब्रेड घरी नीट होतो का?

नेरुळ_आहारशास्त्र

उतरतं. ब्रेड बंद करण्याआधी आकडा मांडू, म्हणजे कुठे कात्री लावायची ते कळेल.

तुमच्या वय-उंची-वजनाला नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला साधारण १,३७० कॅलरी लागतात. ऑफिस, प्रवास आणि थोडं चालणं धरून खर्च १,८५० ते १,९०० च्या घरात जातो. खाणं १,४५० ते १,५०० वर ठेवलंत तर रोज ४०० ची तूट पडते. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० कॅलरी, म्हणजे आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास. वजन उतरेल तसा शरीराचा खर्चही घटतो, म्हणून आठ किलोला सहा महिने धरा. यापेक्षा घाई केलीत तर स्नायूही झिजतात.

आता ब्रेड. पांढरा असो वा ब्राउन, १०० ग्रॅमला २५० कॅलरीच्या आगेमागेच. फरक पडतो तो स्लाइसच्या वजनाने: छोट्या पावाचा स्लाइस २५ ग्रॅमचा, मोठ्या सँडविच ब्रेडचा ३५ ते ४० चा. ‘दोन स्लाइस’ म्हणजे कधी १२५ कॅलरी, कधी २००. पाकिटावरच्या निव्वळ वजनाला आतल्या स्लाइसच्या संख्येने भागा, एकदाच करायचं काम आहे. तुलनेला, ३५ ग्रॅम कणकेची चपाती १२० आणि तिच्यावर चमचाभर तूप ४५. म्हणजे ३० ग्रॅमचे दोन स्लाइस आणि तूप लावलेली एक चपाती जवळजवळ सारखंच.

तुमच्या नाश्त्यात खरी उणीव प्रथिनांची आहे. दोन स्लाइसमधून जेमतेम पाच ग्रॅम मिळतात, बटरमधून काहीच नाही, आणि साडेदहाला ऑफिसच्या पॅन्ट्रीतली बिस्किटं खुणावतात. सिडनी विद्यापीठात १९९५ साली सारख्याच कॅलरीचे वेगवेगळे पदार्थ खायला देऊन पोट किती भरतं ते मोजलं होतं. पांढरा ब्रेड १०० धरला, तर अख्ख्या गव्हाचा ब्रेड १५७ आणि उकडलेला बटाटा ३२३. पांढरा ब्रेड एकट्याने पोट धरत नाही, एवढंच त्याचं दुखणं. त्याला आधार द्या:

दोन अंडी (१४५ कॅलरी, १२ ग्रॅम प्रथिनं) रात्रीच उकडून ठेवायची. अंडं नको असेल त्या दिवशी ५० ग्रॅम पनीर कुस्करून, मीठ-मिरपूड घालून. नाहीतर मोड आलेल्या मुगाची वाटीभर कोरडी उसळ दोन स्लाइसमध्ये दाबून. उसळीत पाणी राहिलं तर डब्यात ब्रेडचा लगदा होतो, तेवढं सांभाळा. बटरच्या जागी कोथिंबीर-पुदिन्याची हिरवी चटणी, खोबरं न घालता. १० ग्रॅम बटर म्हणजे ७२ कॅलरी, आणि सुरीने सहज लावताना दोन स्लाइसला १० ग्रॅम होतंच. चटणीने तेवढे वाचतात आणि तोंडाची चवही जात नाही.

असा नाश्ता ३०० ते ३२० कॅलरीत बसतो आणि दुपारच्या डब्यापर्यंत टिकतो. चहातली साखर वेगळी, प्रत्येक चमच्याला २०.

वाशी_सेक्टर९

ब्रेड कशाला हवा? ज्वारीची भाकरी खा, फायबर जास्त, मैदा नाही, वजन आपोआप उतरतं.

नेरुळ_आहारशास्त्र

भाकरी चांगलीच, पण ‘आपोआप’ नाही. हाताने थापलेल्या एका भाकरीला ५० ते ६० ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे १७५ ते २०० कॅलरी. दोन खाल्ल्या की चारशे. शिवाय सकाळी सातला भाकरी थापायला वेळ असता तर हा प्रश्नच आला नसता. रात्रीच्या जेवणात एक भाकरी, भरपूर पालेभाजी आणि आमटी, हे उत्तम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत धान्यांमधून मिळणारी ऊर्जा एकूण उर्जेच्या ४५ टक्क्यांवर जाऊ देऊ नका असं म्हटलंय. त्या मर्यादेत ब्रेड, चपाती, भाकरी, भात सगळेच येतात. नाश्त्याला ब्रेड घेतला की दुपारच्या डब्यात तीनऐवजी दोन चपात्या, हा बदल केला नाही तर बाकीचा हिशेब कोलमडतो.

कोपरी_पूर्व

नाश्त्याचं वर आलंच आहे. माझ्या मते यांचं वजन संध्याकाळी अडतंय.

स्टेशनबाहेरच्या सँडविचवाल्याचा हात बघा. स्लाइसच्या पार कडेपर्यंत बटर फिरवतो, दोन्ही स्लाइसवर, मग चटणी. भरून झालं की बाहेरून पुन्हा एक हात, कारण त्याशिवाय ग्रिलला चिकटतं. किमान २० ग्रॅम बटर गेलं, १४५ कॅलरी. मोठे दोन स्लाइस १८०, बटाट्याच्या चकत्या ३५, चीजचा एक स्लाइस ६०, वरची शेव दहा ग्रॅम धरली तरी ५५. झाले पावणेपाचशे, त्यातला ब्रेड फक्त १८०. ‘बटर आतून नको, बाहेरून एकदाच, शेव-चीज नको, काकडी-टोमॅटो-बीट डबल’ असं सांगितलं तर तेच सँडविच ३०० च्या आत येतं. सांगताना ‘कमी बटर’ म्हणू नका, त्याचं कमी आणि तुमचं कमी वेगळं असतं. कुठे लावायचं नाही तेच सांगा.

मिसळीचं: लादीतला एक पाव साधारण ४० ग्रॅम, ११० कॅलरी. दोन पाव ठेवा, तिसरा नको. पण ठाण्याच्या प्रसिद्ध मामलेदार हॉटेलची असो की घरची, खरा भार फरसाण आणि तर्रीत आहे. मूठभर फरसाण, ३० ग्रॅम, दीडशेच्या वर जातं. तर्री म्हणजे वर तरंगणारं तेल, चमच्याला ४५. फरसाण अर्धं, तर्री वेगळ्या वाटीत मागून दोन चमचे, मटकी जास्त. वडापाव एक, साधारण २८० ते ३००, त्यात तळणीचं तेल नव्वदभर. आठवड्यातून एकदा चालतो, ग्रिल सँडविचच्या जागी, त्याच्या जोडीला नाही.

आणि चहाबरोबरचे टोस्ट-खारी ‘हलकं’ समजू नका. टोस्ट हा दोनदा भाजून पाणी उडवलेला, साखर घातलेला ब्रेडच आहे. १०० ग्रॅमला ४०० च्या वर. खारी तर ५०० च्या पलीकडे, पदराला पदर तुपाचा नाहीतर वनस्पतीचा.

ट्रान्सहार्बर_७४०

फार उपयोगी. ट्रेनरच्या सांगण्यावरून माझ्या मैत्रिणीने ब्रेड सोडला आणि पहिल्याच आठवड्यात तिचं दोन किलो उतरलं. ते कसं मग? आणि ब्राउन ब्रेडचं राहिलंच.

नेरुळ_आहारशास्त्र

ते बहुतेक पाणी. शरीर पिष्टमय पदार्थ ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ब्रेड-भात तोडला की साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं. ब्रेडमधलं मीठही थांबतं, त्यानेही सूज उतरते. दोन दिवस नीट जेवलं की काटा परत वर. म्हणून रोजचा आकडा बघू नका. रोज सकाळी पोट साफ झाल्यावर वजन करा, आठवड्याची सरासरी काढा आणि सरासरीची सरासरीशी तुलना करा. पाळीच्या आधीचा आठवडा हिशेबात धरू नका.

ब्राउन ब्रेडबद्दल: रंगावर जाऊ नका. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिणं बंधनकारक आहे. पहिलं नाव मैदा असेल आणि गव्हाचं पीठ नंतर आलं असेल, तर तो कोंडा किंवा कणीक मिसळलेला मैद्याचा ब्रेड. पुढे १५० या आकड्याने सुरू होणारा रंग दिसला तर तो कॅरॅमल, म्हणजे साखर जाळून केलेला तपकिरी रंग. ‘मल्टिग्रेन’मध्ये तर कधीकधी सातही धान्यं मिळून चार-पाच टक्के असतात, कंसातली टक्केवारी वाचा. मग फायबर बघा: १०० ग्रॅमला ६ ग्रॅम किंवा जास्त असेल तरच घ्या, ‘हाय फायबर’ म्हणायची कायदेशीर मर्यादाही तीच. मात्र अख्ख्या गव्हाचा ब्रेड घेतला तरी पीठ बारीक असल्याने रक्तातली साखर वाढण्याचा वेग फारसा घटत नाही. हा वेग मोजणारा आकडा म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स; त्याच्या आंतरराष्ट्रीय तक्त्यांत पांढरा ब्रेड ७५, गव्हाचा ७४ आणि चपाती ५२ आहे. फायदा पोट भरण्यात आणि साफ होण्यात.

ट्रेनरच्या सल्ल्याबद्दल एक गंभीर गोष्ट. गव्हाने पोट फुगतं, वारंवार जुलाब होतात अशी शंका असेल तर गहू सोडण्याआधी सिलिअॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होते तो आजार) रक्ततपासणी करा. गहू सोडल्यावर ती तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे आजार असूनही दिसत नाही. तसंच वाचणाऱ्यांपैकी कोणी इन्सुलिनवर किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्यांवर असेल तर डॉक्टरांना न विचारता ब्रेड-भात एकदम तोडू नका, साखर धोकादायक खाली जाते.

नौपाडा_भट्टी

घरच्या ब्रेडचं मी सांगतो, यात लोक दोन-तीन ठिकाणी ठरलेल्या चुका करतात.

चक्कीची कणीक ३०० ग्रॅम, पाणी २२५ ग्रॅम, मीठ ५, इन्स्टंट यीस्ट ४, तेल १० ग्रॅम. सगळं वजनकाट्यावर, वाटी-चमच्याने नाही. गहू लोकवन चालेल, खपली नको, तो ताण धरत नाही. घरघंटीवर दळत असाल तर सगळ्यात बारीक जाळी लावा, कोंडा जाडसर राहिला तर पिठातले धागे कापतो आणि ब्रेड वीट होतो.

कणीक आणि पाणी कालवून अर्धा तास नुसतं झाकून ठेवा. चक्कीचं पीठ पाणी सावकाश पितं. आधी घट्ट वाटलं म्हणून पाणी वाढवू नका, आणि अर्ध्या तासाने सैल वाटलं म्हणून पीठही घालू नका. मग मीठ, यीस्ट, तेल घालून दहा-बारा मिनिटं मळा. ओढल्यावर पातळ पडदा तुटायच्या आधी जरा ताणला गेला पाहिजे.

मग गोळा झाकून फुगायला ठेवा. आपल्याकडच्या उकाड्यात इथेच घात होतो. पाककृतीत ‘दीड तास’ लिहिलेलं असतं ते थंड हवेसाठी. ठाण्यात मे महिन्यात पाऊण तासात पीठ फुगून बसतं. फ्रिजचं पाणी वापरा, यीस्ट ३ ग्रॅमवर आणा आणि घड्याळ सोडून पिठाकडे बघा. साच्यात (८ बाय ४ इंच) घातल्यावर गव्हाचं पीठ दुप्पट होऊ देऊ नका, दीडपट पुरे. बोटाने दाबलं तर खळगा हळूहळू आणि अर्धवट भरून आला की ओव्हनमध्ये. खळगा तसाच राहिला म्हणजे उशीर झाला, आत गेल्यावर मधोमध बसणार. पीठ पुन्हा मळून, साच्यात घालून नव्याने फुगवा.

ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) आधी तापवून २०० अंशांवर ३५ मिनिटं, खालच्या कप्प्यात. साच्यातून काढून तळाशी टिचकी मारल्यावर पोकळ आवाज यावा. दोन तास जाळीवर गार झाल्याशिवाय कापू नका. गरम कापलेला ब्रेड आत चिकट लागतो आणि लोकांना वाटतं कच्चा राहिला.

४८० ग्रॅमच्या आसपास ब्रेड निघतो, ३० ग्रॅमचे १६ स्लाइस, प्रत्येकी ७० कॅलरी आणि साधारण दोन ग्रॅम फायबर. कॅलरी बाजारच्याइतक्याच, हे आधीच सांगतो. फायदा इतकाच की मैदा-साखर नाही आणि स्लाइसचं माप तुमच्या हातात.

ट्रान्सहार्बर_७४०

एका वेळी १६ स्लाइस संपणार नाहीत. पावसाळ्यात तर तिसऱ्या दिवशी बुरशी येते. फ्रिजमध्ये ठेवला की कडक.

नौपाडा_भट्टी

फ्रिजच्या थंडीत ब्रेड सगळ्यात लवकर शिळा होतो, तिथे ठेवूच नका. पूर्ण गार झाला की स्लाइस करा, दोन-दोनच्या मध्ये बटर पेपर घाला, हवा काढून पिशवी बंद करा आणि फ्रीझरमध्ये टाका. तीन आठवडे उत्तम राहतो. वितळू न देता थेट टोस्टरमध्ये किंवा बिनतेलाच्या तव्यावर मंद आचेवर, दोन्ही बाजू दीड-दीड मिनिट, वर झाकण ठेवून.

नेरुळ_आहारशास्त्र

यात पोषणाच्या अंगानेही थोडा फायदा आहे. गोठवून मग भाजलेल्या पांढऱ्या ब्रेडने रक्तातली साखर ताज्या ब्रेडपेक्षा कमी वाढते, असं प्रयोगांत दिसलंय. काही स्टार्च पचायला अवघड होतो. कॅलरीत मात्र फारसा फरक धरू नका, दोनाचे तीन स्लाइस त्या भरवशावर नकोत. डब्यात नेणार असाल तर भाजलेले स्लाइस पाच मिनिटं जाळीवर ठेवून मग बंद करा, नाहीतर वाफेने ऐरोली येईपर्यंत मऊ पडतात.