वंशद्वेषासाठी वेगळं कलम हवं, की आहेत तीच पुरेत? (तिघांची चर्चा)

माईघाट: उदाहरण धरा. मिरजेत शिकायला आलेल्या मणिपुरी मुलाला 'चिनी' म्हणत दोन कानाखाली वाजवल्या. ठाण्यात काय लागेल? भारतीय न्याय संहितेचं (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेला कायदा) दुखापतीचं ११५(२), फार तर एक वर्ष. अपमानाचं ३५२, दोन वर्षं. दोन्ही अदखलपात्र, म्हणजे एनसीची (अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची) प्रत हातात आणि दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय तपास नाही. का मारलं, हे कुठंच मोजलं जात नाही. वेगळं कलम हवंच.

हळदपेठ: कलमांची कमी नाही हो. गटांत वैर वाढवण्याचं १९६ लावा: दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत. पाच किंवा जास्त जणांनी मिळून वंश, जन्मस्थान, भाषा यावरून गंभीर दुखापत केली तर ११७(४), सात वर्षांपर्यंत. असाच मिळून खून केला तर १०३(२), फाशी किंवा जन्मठेप.

माईघाट: आणि चौघेच असले तर? १९६ गटागटांत वैर पेटवण्यासाठी आहे. एकट्याला हासडलेली शिवी त्यात बसत नाही. शिवाय सरकारची पूर्वमंजुरी (नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा कायदा, कलम २१७) नसेल तर कोर्ट दखलच घेत नाही.

अजिंक्यतारा, सातारा: अ‍ॅट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा) विसरलात. मुलगा नागा असेल तर लागते. त्याची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही, हा बचाव मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने २०२३ मध्ये मोडीत काढलाय. तपास डीवायएसपीकडे (पोलीस उपअधीक्षक), आरोपपत्र ६० दिवसांत, अटकपूर्व जामीन नाही.

माईघाट: मणिपूरमधल्याच मैतेई समाजाचा असेल तर? ते अनुसूचित जमातीत नाहीत. आफ्रिकेतून आलेला विद्यार्थी तर नाहीच नाही. दिल्लीत मारहाण झालेल्या अरुणाचलच्या निदो तानियाच्या मृत्यूनंतर २०१४ मध्ये केंद्राच्या बेझबरुआ समितीने नेमकी हीच फट दाखवली आणि जुन्या दंड संहितेत १५३-क (सी) व ५०९-अ (ए) ही वंशद्वेषाची कलमं सुचवली, पाच आणि तीन वर्षांची. १ जुलै २०२४ ला नवी संहिता लागू झाली, त्यात दोन्ही नाहीत.

हळदपेठ: आली असती तरी हेतू सिद्ध करायचाच ना? केस तिथंच पडते. फिर्यादीत 'घाणेरडी शिवीगाळ केली' एवढंच असतं. नेमका शब्द, आधी शिवी की आधी मार, ऐकणारे कोण, हे पहिल्याच जबाबात हवं. नंतर पुरवणी जबाबात आलं की बचावाचा वकील 'मागाहून सुचलं' म्हणतो. दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण तर थोड्या दिवसांत पुसलं जातं. त्याच दिवशी लेखी मागा, साक्ष अधिनियमाच्या ६३(४) च्या प्रमाणपत्रासह (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागतं ते).

माईघाट: सगळं कबूल. पण एनसीत हे गोळा करणार कोण?