वाचनाच्या लहान खोलीला गडद हिरवा रंग द्यावा का?

प्रश्न
घरातील सुमारे १० फूट बाय ११ फुटांची खोली वाचन-लेखनासाठी तयार करायची आहे. खिडकी एकच असून तिच्यातून थेट ऊन कधीच येत नाही. पुस्तकांची कपाटे तपकिरी लाकडाची आहेत. चारही भिंती गडद हिरव्या कराव्यात असे मला मनापासून वाटते, परंतु त्यामुळे खोली आणखी लहान आणि अंधारी दिसेल, म्हणून एकच भिंत रंगवावी, असे घरच्यांचे मत आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
चारही भिंती रंगवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. गडद भिंतीला लागून पांढरी भिंत आली, की कोपऱ्यात ठळक रेघ उमटते, नजर तिथेच अडते आणि खोलीचा लहानपणा उलट अधिक जाणवतो. सगळीकडे एकच रंग असला, की कोपरे पुसट होतात आणि खोली नेमकी कुठे संपते हे चटकन लक्षात येत नाही.

अंधाराची शंका मात्र रास्त आहे. पांढरी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ८० टक्के प्रकाश परावर्तित करते. गडद हिरव्या छटांमध्ये हे प्रमाण बहुधा १० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते. त्यामुळे छताच्या मधोमध लावलेल्या एकाच दिव्यावर विसंबू नये. मेजावर, खुर्चीशेजारी आणि कपाटांच्या वर असे वेगवेगळे दिवे असावेत आणि ते २७०० ते ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे असावेत. ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली हाच हिरवा रंग निळसर आणि निस्तेज दिसतो.

आपल्या खिडकीतून येणारा उजेडही आकाशाचाच, म्हणजे थोडा निळसर असणार. म्हणून मोरपिशीकडे झुकणारी छटा टाळून शेवाळीकडे झुकणारी निवडावी. तपकिरी लाकडाशीही ती अधिक जुळेल. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावरून निर्णय घेऊ नये. दोन फुटी पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात द्यावेत, तो खिडकीसमोर, कोपऱ्यात आणि कपाटालगत ठेवून पाहावा आणि आपण ज्या वेळी वाचायला बसता, त्या वेळचे त्याचे रूप निर्णायक मानावे.

प्रतिसाद २
वरील मताशी सहमत आहे. प्रत्यक्ष रंगकामाबद्दल थोडे लिहितो, कारण गडद रंग बहुतेक वेळा तिथेच फसतो. अशा रंगांच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात छटा मिसळतात त्या मूळ रंगात, टायटॅनियम डायऑक्साइड हे खालचा रंग झाकणारे पांढरे रंगद्रव्य कमी असते, त्यामुळे खालचा पांढरा रंग सहज झाकला जात नाही आणि भिंत डागाळल्यासारखी दिसते. आधी करड्या छटेचा प्रायमर लावून घेतल्यास दोन हातांत काम भागू शकते. तरीही तिसऱ्या हाताइतका रंग हाताशी ठेवावा. सगळे डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत, म्हणजे डब्याडब्यांतला सूक्ष्म फरक भिंतीवर उमटणार नाही.

चमकदार रंग मात्र घेऊ नये, कारण पुट्टीतला प्रत्येक उंचवटा त्यात उठून दिसतो. मॅट रंग हे दोष लपवतो, पण गडद मॅटवर हात किंवा खुर्ची घासली, की चकाकणारे ओरखडे राहतात. म्हणून धुता येण्याजोगा मॅट घेणे उत्तम.

प्रतिसाद ३
छताचा उल्लेख राहिला आहे. शुभ्र पांढरे छत गडद भिंतींवर झाकणासारखे वेगळे दिसते. काही जण तेही हिरवे करतात, परंतु उजेड इतका कमी असताना मी तसे सुचवणार नाही. फिकट सायीचा रंग द्यावा, म्हणजे दिव्यांचा प्रकाश परत खाली येईल. खिडकीची चौकट आणि भिंतीच्या तळाची पट्टी भिंतींच्याच हिरव्या रंगात रंगवावी.

प्रश्नकर्ता
सर्वांचे मनःपूर्वक आभार. दरवाजा सध्या पांढरा आहे. तोही हिरवा करावा का?

प्रतिसाद ३
आतील बाजू अवश्य करावी, अन्यथा चारही भिंतींत तोच एक पांढरा चौकोन डोळ्यांत भरेल. लाकडावर मात्र भिंतीचा रंग न वापरता त्याच छटेचा सॅटिन इनॅमल, म्हणजे मंद चमक असलेला लाकडावरचा रंग, घ्यावा आणि जुना थर पॉलिश पेपरने घासून मगच तो लावावा.