मॉरीन ओ'हारा: पाच चित्रपटांत कारकीर्द दाखवायची तर कोणते?

निळीशाई
मंडळी, आमच्या फिल्म क्लबात पाच शनिवार हॉलिवूडची अभिनेत्री मॉरीन ओ'हारा हिचे चित्रपट दाखवायचे ठरतंय. 'द क्वाएट मॅन' नक्की, बाकीच्या चारांवर अडलंय. तिला सगळीकडे 'टेक्निकलरची राणी' (टेक्निकलर म्हणजे तेव्हाचं रंगीत चित्रणाचं तंत्र) म्हणतात, मग रंगीतच घ्यावेत का? आणि दुसरं, हाताशी असलेल्या 'क्वाएट मॅन'च्या डिस्कमध्ये तिच्या केसांच्या कडेला लाल-हिरवी झालर दिसते. दोष प्रोजेक्टरचा की फिल्मचा?

रीळवाला
त्या बिरुदावर जाऊ नका. मारिया माँटेझ आणि रोंडा फ्लेमिंग यांनाही तेच चिकटवलं होतं. शिवाय ओ'हाराचं सर्वात टिकाऊ काम बरंचसं कृष्णधवल आहे.

तिला कोणत्या भूमिका मिळाल्या हे समजायचं तर आधी करार समजून घ्या. जन्म १७ ऑगस्ट १९२०, डब्लिनचं रॅनेला, आडनाव फिट्झसायमन्स. अभिनयाचं शिक्षण डब्लिनच्याच ॲबी थिएटरमधलं. लंडनमधल्या चाचणीनंतर अभिनेता चार्ल्स लॉटन आणि निर्माता एरिक पॉमर यांच्या मेफ्लॉवर कंपनीने सात वर्षांचा करार केला. थिएटरच्या पाटीवर मावेल असं नाव हवं म्हणून 'ओ'हारा' लॉटनने दिलं. हिचकॉकचा 'जमैका इन' (१९३९), मग लगेच हॉलिवूडमध्ये 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' (१९३९). तेवढ्यात युद्ध सुरू झालं आणि तिचा करार हॉलिवूडच्या आरकेओ स्टुडिओला विकला गेला. पुढे तो आरकेओ आणि ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स यांच्यात वाटला गेला. म्हणजे भूमिका तिने निवडायच्या नव्हत्या, दोन कचेऱ्यांनी ठरवायच्या होत्या. लाल केस आणि गोरा रंग टेक्निकलरमध्ये खुलतो हे कळल्यावर त्यांनी तिला समुद्री चाच्यांच्या आणि तलवारबाजीच्या चित्रपटांत बसवलं: 'द ब्लॅक स्वॉन' (१९४२), 'द स्पॅनिश मेन' (१९४५), 'सिंदबाद द सेलर' (१९४७). यातला एकच घ्यायचा तर 'ब्लॅक स्वॉन'. लिऑन शॅमरॉयला त्याच्या रंगीत छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळालं आणि लांबी दीड तासाच्या आत. कथानक मात्र रेटून नेलेलं आहे, प्रेक्षकांना आधीच सांगून ठेवा.

माझी यादी, याच क्रमाने: 'डान्स, गर्ल, डान्स' (१९४०), 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली' (१९४१), 'ब्लॅक स्वॉन', 'मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट' (१९४७), 'क्वाएट मॅन' (१९५२). पहिला मुद्दाम घेतलाय. दिग्दर्शिका डोरोथी आर्झनर, त्या काळात हॉलिवूडमध्ये स्त्री दिग्दर्शक जवळपास नव्हत्याच. शेवटाकडे ओ'हारा रंगमंचावरून आपल्याकडे टक लावून बसलेल्या पुरुषांना जे सुनावते, त्यासाठी तरी बघाच. तेव्हा हा चित्रपट आपटला होता, २००७ मध्ये त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत जागा मिळाली.

पडद्यामागे
यादीशी सहमत. 'हाऊ ग्रीन' बद्दल एक भर: हा वेल्समध्ये, रंगीत करायचा बेत होता. युद्धामुळे तिथे जाता येईना, म्हणून मालिबूच्या डोंगरात अख्खं खाणगाव उभारलं. कॅलिफोर्नियाच्या कोरड्या डोंगरांचे रंग वेल्सचे वाटले नसते, म्हणून कृष्णधवल. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर 'सिटिझन केन'ला डावलून याला मिळालं.

कामगिरीच्या दृष्टीने सांगायचं तर यातल्या आईच्या भूमिकेत सारा ऑलगुड आहे, तीही ॲबी थिएटरचीच. तिला सहाय्यक अभिनेत्रीचं नामांकन मिळालं. ओ'हाराला आयुष्यभरात एकही नाही. तलवारबाजीचे आणि कौटुंबिक चित्रपट ऑस्करच्या मतदारांच्या हिशेबात अभिनयात मोडत नसत, हेच त्याचं मोठं कारण असावं. शेवटी २०१४ मध्ये मानद ऑस्कर दिलं, पुढच्याच वर्षी २४ ऑक्टोबरला ती गेली.

तीनपट्टी
झालरीचं सांगतो. तपासणी सोपी आहे. डिस्कचा मेन्यू किंवा पांढरी सबटायटल्स लावा. अक्षरांच्या कडेलाही झालर असेल तर दोष प्रोजेक्टरचा: तीन पॅनेलच्या एलसीडी प्रोजेक्टरमध्ये पॅनेल सरकलेली असतात, तर काही वेळा भिंगाचा दोष असतो आणि तो कोपऱ्यांत जास्त दिसतो. अक्षरं स्वच्छ आणि फक्त चित्रात झालर असेल तर दोष प्रतीचा, प्रोजेक्टरच्या सेटिंगने जाणार नाही.

कारण असं. 'क्वाएट मॅन' तीनपट्टी टेक्निकलरमध्ये चित्रित झाला. कॅमेऱ्यात भिंगामागे प्रिझम असे, तो प्रकाश वाटून देई आणि तीन वेगवेगळ्या कृष्णधवल निगेटिव्हांवर लाल, हिरवा, निळा अशा नोंदी होत. छपाईत त्यांवरून निळसर, किरमिजी आणि पिवळा रंग एकावर एक चढवत. दशकं गेल्यावर तिन्ही निगेटिव्ह सारख्या प्रमाणात आक्रसत नाहीत. मग त्या एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत आणि कडा फुटतात. लाल केस आणि हिरवं गवत शेजारी आलं की ते सर्वात आधी डोळ्यात भरतं. जुन्या डिस्का प्रतीच्या प्रतीवरून केलेल्या, त्यामुळे चित्रातला धूसरपणा आणि तपकिरी झाक वेगळीच.

ऑलिव्ह फिल्म्सची २०१३ ची ब्लू-रे मूळ निगेटिव्हवरून केलेल्या ४के स्कॅनची आहे, तीच शोधा. मात्र ब्लू-रेसाठी जग विभागांत वाटलेलं आहे: ती डिस्क अमेरिकेत निघालेली, भारतातले प्लेअर सी विभागाचे, अमेरिका ए विभागात. प्लेअरला विभागबंधन आहे का, म्हणजे दुसऱ्या विभागाची डिस्क तो नाकारतो का, ते आधी बघून घ्या.

अजून तीन गोष्टी. यादीतल्या पाचही चित्रपटांची चौकट जवळपास चौकोनी आहे, १.३७:१. रुंद पडद्यावर डाव्या-उजव्या बाजूला काळे पट्टे यायलाच हवेत. पडदा पूर्ण भरला असेल तर कुणीतरी डोकी आणि पाय कापलेत, किंवा चित्र आडवं ताणलंय. चित्रप्रकार 'व्हिव्हिड' ठेवू नका, केस शेंदरी होतात, 'सिनेमा' ठेवा. आणि मूळच्या कृष्णधवल 'मिरॅकल'ची रंगवलेली आवृत्तीही मिळते (१९८५ ची), ती चुकूनही लावू नका.

निळीशाई
मेन्यू तपासला, अक्षरं स्वच्छ आहेत. म्हणजे डिस्कच बदलावी लागणार. 'क्वाएट मॅन'मधल्या हुंड्याच्या भांडणावर इथले प्रेक्षक नक्की अडतील. काय सांगावं?

पडद्यामागे
चित्रपटाआधीच दोन वाक्यांत सांगा. इथे ३५० पौंड नवऱ्याकडची माणसं मागत नाहीत. नवऱ्याला त्या पैशांची पर्वाच नाही, हट्ट नवरीचा आहे. भावाने अडवून ठेवलेले पैसे आणि आईकडून आलेलं सामान तिचं स्वतःचं आहे, ते हातात आल्याशिवाय ती त्या घरात मोलकरीणच ठरते असं तिचं म्हणणं. आपल्याकडच्या स्त्रीधनाशी तुलना केलीत तर चटकन उमजेल. तिला शेतातून फरपटत नेण्याचा प्रसंग मात्र आज खटकतो आणि खटकू द्यावा, सारवासारव करू नका.

रीळवाला
सहावा शनिवार मिळाला तर 'मॅक्लिंटॉक!' (१९६३) घेण्याचा मोह होईल. अमेरिकेत त्याचं कॉपीराइट सुटल्याने बाजारात रद्दड प्रती भरपूर आहेत, मूळ २.३५:१ ची रुंद चौकट कापून चौकोनी केलेल्या. त्याऐवजी 'क्वाएट मॅन'चा दिग्दर्शक जॉन फोर्ड याचाच 'रिओ ग्रांडे' (१९५०) घ्या. रिपब्लिक स्टुडिओच्या हर्बर्ट येट्सने 'क्वाएट मॅन'ला पैसे द्यायच्या आधी त्यातला नायक जॉन वेन आणि ओ'हारा या जोडीचा एक वेस्टर्न मागितला, तोच हा. तो चौथ्या आठवड्यानंतर, 'क्वाएट मॅन'च्या लगेच आधी लावा.