प्रोटॉन मेल घेतलं म्हणजे सगळेच मेल गुप्त होतात का?
दादा, तुम्ही विचारलं ना की प्रोटॉन, म्हणजे जीमेलसारखीच पण गोपनीयतेवर भर देणारी ईमेल सेवा, घेतलं की सगळे मेल आपोआप गुप्त होतात का, तर नाही भाऊ. प्रोटॉनवरून प्रोटॉनला गेला तर एंड-टू-एंड एन्क्रिप्ट होतो, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच, कंपनीलाही, मजकूर वाचता येत नाही, पण समोरचा जीमेलवर असला तर त्याच्याकडे साधाच पोचतो, म्हणून मेलला वेगळा पासवर्ड लावायचा आणि तो फोनवर सांगायचा. मी सीताबर्डीतल्या आमच्या सीएला रिटर्नचे कागद असेच पाठवतो, पॅन-आधार सगळं असते त्यात, उघडं कसं पाठवणार? सब्जेक्ट लाईन मात्र एंड-टू-एंड नसते, तिथं नाव-नंबर टाकूच नका (टुटा नावाच्या अशाच दुसऱ्या मेल सेवेत तीही एन्क्रिप्ट होते).

आणि रिकव्हरी फ्रेज (अकाउंट आणि मेल परत मिळवायला प्रोटॉन देते ते शब्द) कागदावर लिहून ठेवाच, माझी तर घराच्या कागदांसोबत कपाटात आहे, कारण पासवर्ड विसरून रीसेट केला तर अकाउंट उघडते पण फ्रेज किंवा दुसरी रिकव्हरीची सोय नसेल तर जुने मेल वाचताच येत नाहीत.

कंपनी स्वित्झर्लंडची आहे, तिथल्या कायद्यानं आदेश आला तर हाती असलेली माहिती द्यावीच लागते. २०२१ मध्ये एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी (इंटरनेट कनेक्शनचा पत्ता) असाच दिला गेला, मेलमधला मजकूर नाही.